चॅटर रोडवरच्या त्या ताईंचे आभार

हाँगकाँगला डोंगरावर जाणाऱ्या पीक ट्रामकडे निघालो होतो. रविवारची दुपार, ऑगस्टचा दमट उकाडा. सेंट्रल भागात सासूबाईंना एकदम घेरी आली. चॅटर रोड रविवारी गाड्यांना बंद, त्यामुळे टॅक्सीही जवळ नाही.

तिथे पुठ्ठे अंथरून घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका बसल्या होत्या. कुणी पत्ते खेळत होत्या, कुणी गावी पाठवायचा खोका चिकटपट्टीने बांधत होत्या. आम्ही काही बोलायच्या आत चौघी-पाचजणी उठल्या. आईंना पुठ्ठ्यावर निजवलं, पाय उचलून त्या खोक्यावर ठेवले. दोघींनी छत्र्यांचा आडोसा केला, म्हणून ब्लाउजचे हुक सैल करता आले. (हे मला सुचलंच नसतं.) एकीने डब्याच्या झाकणाने वारा घातला. दुसरीने आधी डायबिटिस आहे का विचारलं, आई नीट शुद्धीवर येईपर्यंत थांबली आणि मगच घोट घोट संत्र्याचा रस पाजला. ती कामाच्या घरी एका आजींना सांभाळते म्हणे.

या बायका मालकाच्याच घरी राहतात. कायद्याने सात दिवसांत एक सुट्टी. त्यातला तासभर आम्हाला दिला. एकजण पुढच्या रस्त्यावर जाऊन टॅक्सी घेऊन आली. पैसे घेतले नाहीतच, उलट आई मांसाहार करत नाहीत कळल्यावर हातात दोन केळी ठेवली.

आई आता ठणठणीत आहेत. तायांनो, नावं विचारायची राहिली. मनापासून आभार!