संघ गावात आला, आता तो राहायला हवा

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणपती गावाला गेले, मखर पुन्हा कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जाऊन बसलं, आणि आपल्या गटावर नेहमीचं पालुपद सुरू झालं: "या गावात करण्यासारखं काही नाही हो." शनिवार उजाडला की गाडी काढायची, आय-55 धरायचा, नेपरव्हिलहून भाजी आणि कढीपत्ता घ्यायचा, तिथेच डोसा खायचा आणि रात्री मक्याच्या शेतांमधून परत. त्या पालुपदावर क्रीडा समितीकडे एक उतारा आहे, पण तो फुकट मिळणार नाही. काय हवंय ते आधीच सांगतो. आपल्या ब्लूमिंग्टनच्या बायसन या आइस हॉकी संघाच्या थंडीतल्या एका सामन्याला 60 माणसं, मुलांच्या हॉकीच्या सामानासाठी थोडी वर्गणी किंवा घरात पडून असलेले स्केट्स, आणि गाडी नसलेल्यांना आणून सोडायला आठ जण.

आता कारण. ऑक्टोबर 2024 पासून डाउनटाउनमधल्या ग्रॉसिंजर मोटर्स अरीनात ब्लूमिंग्टन बायसन हा संघ खेळतो, हे आपल्यातल्या निम्म्या घरांना अजून माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांतले बरेच म्हणतात, "हॅ, ती छोटी लीग." छोटी आहेच. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एनएचएल म्हणजे भारताचा संघ, एएचएल म्हणजे रणजी, आणि आपली ईसीएचएल त्याच्याही खालची पायरी. पण शिडी खरी आहे. बायसनची सोयरीक एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्सशी. इथे चमकलेला मुलगा एएचएलमधल्या हार्टफर्डच्या वुल्फ पॅकमध्ये जातो, तिथून नशीब आणि गुडघे शाबूत असतील तर रेंजर्सच्या घरी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला. तोवर तो बसमध्ये झोपतो, संघाने दिलेल्या घरात राहतो आणि शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ सामने खेळतो. ओव्हरटाइमवर कुरकुरणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांनी एकदा बघावंच.

ज्या इमारतीत हे चालतं, तिची पत्रिका जरा विचित्र आहे. 2006 मध्ये शहराने ती बांधली, तेव्हा नाव होतं यू. एस. सेल्युलर कोलिझियम. जुने रहिवासी अजूनही नुसतं 'कोलिझियम' म्हणतात. पहिल्या वर्षीच प्रेरीथंडर हा हॉकी संघ आला, तो 2011 ला गेला. मग ब्लेझ, दोन हंगाम. मग थंडर, तेही आधी एका लीगमध्ये आणि वर्षभराने दुसऱ्या. 2017 मध्ये त्यांचंच नाव फ्लाइंग एसेस झालं आणि 2019 ला तेही संपलं. तेरा वर्षांत चार बारशी! त्यानंतर पाच हिवाळे घरचा संघ नाही. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय इथे, रिव्हियनचा विजेच्या गाड्यांचा कारखाना इथे, शेजारच्या नॉर्मल गावात विद्यापीठ, दोन्ही गावं मिळून सव्वा लाखाहून जास्त वस्ती, आणि शनिवारी रात्री डाउनटाउनमध्ये शुकशुकाट.

म्हणजे नव्या संघाने आपलं गाव निवडलं ते डोळे मिटून नाही. अशी जागा कशी ठरते, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिली गोष्ट इमारत. 200 फूट लांब, 85 फूट रुंद बर्फाची सोय असलेलं तयार सभागृह कुठल्या गावात आहे? नव्याने बांधायचं म्हटलं की वर्षं जातात, जागासुद्धा बदलते. एनएचएलच्या सिएटल संघासाठी एएचएलचा धाकटा संघ कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये आणायचं ठरलं होतं; अरीना शेवटी उभा राहिला तो गावाबाहेर, थाउजंड पाम्सजवळ, आणि डिसेंबर 2022 मध्ये उघडला. आपल्याकडे ती अडचण नव्हती. शिवाय शेजारीच शहराचं ब्लूमिंग्टन आइस सेंटर (पूर्वीचं पेप्सी आइस सेंटर), म्हणजे सरावाला आणि शिकणाऱ्या मुलांना वेगळा बर्फ.

दुसरी गोष्ट बसचं अंतर. इंडियानापोलिसजवळचं फिशर्स, फोर्ट वेन, आयोवातलं कोरलव्हिल, हे सगळे एका रात्रीच्या बसच्या टप्प्यात. आणि थोरल्या, म्हणजे सोयरीक असलेल्या एनएचएल संघाची मर्जी? तिच्यावर गावांचं काही चालत नाही. 2015 मध्ये पश्चिमेकडच्या एनएचएल संघांना आपली पोरं जवळ हवीशी झाली, तर एएचएलचे पाच संघ एकदम कॅलिफोर्नियात गेले. पूर्वेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचा संघ सॅन होजेला गेला, आणि तिथल्या लोकांना नवा संघ मिळायला 2017 उजाडलं.

पण खरी मेख वेगळीच आहे. जिंकलं म्हणजे संघ टिकला असं होत नाही. आपल्याच लीगच्या न्यूफाउंडलंड ग्रोलर्सनी पहिल्याच हंगामात, 2019 मध्ये, केली कप, म्हणजे ईसीएचएलचं विजेतेपद, जिंकलं. 2024 मध्ये लीगने त्यांचं सदस्यत्वच काढून घेतलं. मालक येतात, मालक जातात. आपल्या हातात असतं ते फक्त खुर्च्या भरणं. छत्तीस घरचे सामने असतात एका हंगामात. आपल्या आकाराच्या इतर गावांचे डोळे अशाच संघांकडे लागलेले असतात. आपल्या गावाची निवड एकदा होऊन गेली, हे खरं मानू नका. ती दर हिवाळ्यात तिकीटखिडकीवर पुन्हा होते.

इथे मंडळाची एक चूक कबूल करायला हवी. गेल्या जानेवारीत आम्ही उत्साहाने 48 तिकिटं काढली. त्या दिवशी बर्फ पडला, गटावर एकापाठोपाठ एक "सॉरी, नेक्स्ट टाइम" येत गेलं आणि आलो आम्ही एकोणीस जण. पैसे मंडळाच्या खात्यातून गेले होते आणि ते वसूल करताना खजिनदारांची जी दमछाक झाली, ती इथे लिहीत नाही. म्हणून यंदा आधी पैसे, मग तिकीट. रागावू नका.

त्या एकोणीस जणांत एक आजी होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, साताऱ्याच्या. नऊवारीखाली थर्मल, वर मुलाचा जाड कोट, डोक्याला कानटोपी. पहिला पिरियड त्यांनी तोंडाला पदर लावूनच काढला, कारण समोरच्या काचेवर दोन धिप्पाड पोरं धाडकन आदळली होती. "अगं, हाडं मोडतील की यांची!" वीस मिनिटं संपली, झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, बाहेर आली आणि संथपणे कडेकडेने फिरू लागली. खरवडलेला बर्फ पोटात घेते, मागून गरम पाण्याचा पातळ हात फिरवते, आणि मागे आरशासारखी ओली पट्टी उरते. आजी पुढे झुकल्या. "हे तर सारवणं चाललंय," म्हणाल्या, आणि मग ती गाडी कोपरा नीट घेते की नाही यावरच त्यांचं लक्ष. एका कोपऱ्यात थोडी जागा सुटली, तर त्यांना चैन पडेना. तिसऱ्या पिरियडला त्या आमच्याआधी उभ्या राहून ओरडत होत्या, कुठल्या बाजूने ते विचारू नका.

हिवाळ्यात आलेले आई-बाबा चार भिंतींत अडकून पडतात. बाहेर उणे पंधरा, मुलं-सुना कामावर, टीव्हीवर त्याच मालिका. एच-4, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या मुलींचंही तेच, कारण गाडी एकच आणि ती ऑफिसला गेलेली. आठ चालक हवेत ते या मंडळींसाठी. संध्याकाळी सहाला घरून उचलायचं, दहापर्यंत सोडायचं. मिनीव्हॅनवाल्यांना हात जोडून विनंती.

आता पैशांचं. काहींनी विचारलंच आहे की, मालकाचा धंदा आहे, त्याला आपण देणगी का द्यायची? बरोबर आहे, देऊ नका. संघाला आपण एक डॉलरही देणगी देत नाही. तिकीट काढतो, खेळ बघतो, संपलं. वर्गणी हवी आहे ती आपल्या मुलांसाठी. ब्लूमिंग्टन आइस सेंटरला स्केटिंग शिकणारी आपल्यातली पोरं वाढताहेत, पण स्केटिंगवरून हॉकीवर जायचं म्हटलं की आईबाप बिचकतात. जाळीचं हेल्मेट, खांद्याचे आणि नडग्यांचे पॅड, ग्लोव्हज, स्टिक, आणि पाय दर वर्षी एक नंबर वाढणार. यावर मंडळात सामानाची पेढी करायची आहे. लहान झालेलं सामान जमा करा, मोठं घेऊन जा. वापरलेले स्केट्स आणाल तेव्हा पातीला गंज असला तरी चालेल, धार लावून घेऊ. हेल्मेटला तडा असेल तर मात्र आणू नका. जे सामान कोणाकडेच नाही, त्यासाठी वर्गणी वापरू, आणि प्रत्येक खरेदीची पावती संक्रांतीच्या कार्यक्रमात टेबलावर ठेवू. घरटी 20 डॉलर आले तरी सुरुवात होते. जास्त आले तर नाही म्हणणार नाही.

आणखी एक बोलणं चालू आहे. अशा सभागृहांत खाण्याचे स्टॉल सांभाळायला स्वयंसेवी संस्थांना बोलावतात आणि विक्रीतला वाटा देतात. इथे तशी सोय आपल्याला मिळते का, ते विचारलं आहे. मिळाली तर तो पैसा मराठी शाळेच्या पुस्तकांना. नाचो विकायला कोण तयार आहे, एवढं आत्ता कळवून ठेवा. (वडापाव विकता येणार नाही. तोही विचारून झाला.)

नावं नवरात्राच्या पहिल्या माळेपर्यंत गटावरच्या पिन केलेल्या तक्त्यात लिहा: किती मोठे, किती मुलं, गाडी आहे की हवी. सामन्याची तारीख आणि तिकिटाचा दर लेखी आला की त्याच तक्त्यात टाकू. सामान भोंडल्याच्या दिवशी दाराशी ठेवलेल्या निळ्या खोक्यात टाकता येईल. आजी यंदा पुन्हा येताहेत, डिसेंबरात. त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं आहे, कोपऱ्याजवळची खुर्ची बघ म्हणून, जिथून सारवण नीट दिसेल. तेव्हा तक्त्यातली पहिली ओळ भरलेली आहे. उरल्या एकोणसाठ.

आपली,
क्रीडा समिती, मराठी मंडळी, ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल