दुकान बुडाले तरी वही बुडू नये

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सांगलीच्या गणपती पेठेत माल माळ्यावर चढवायला सुरुवात होते. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या विद्युत उपकरणांच्या घाऊक दुकानातले पंखे आणि मिक्सर आम्ही बऱ्यापैकी वाचवले. परंतु गल्ल्याखालचा संगणक आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क पाण्यात गेली. विम्याचे सर्वेक्षक साठ्याचा हिशेब मागत होते आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हते. कोणाकडे किती उधारी आहे, हे किरकोळ दुकानदारांना फोन करून त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे लागले. बहुतेकांनी खरे आकडे सांगितले, त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

त्यानंतर आम्ही सगळा व्यवहार वेब अ‍ॅप्लिकेशनवर नेला. आमच्या पेठेत याविषयी अजून बरेच गैरसमज आहेत, म्हणून हे पत्र. अनेकांना वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे वेबसाइटच वाटते. पण दुकानाची पाटी आणि दुकानातला व्यवहार यांत जेवढा फरक, तेवढाच या दोहोंत आहे. हा प्रोग्राम आपल्या संगणकावर बसवावा लागत नाही. तो दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्याच्या संगणकावर, चालतो आणि आपण त्याच्याशी ब्राउझरमधून बोलतो. आमचा विक्री प्रतिनिधी तासगावच्या दुकानात उभा राहून मोबाइलवर सहा पंख्यांची ऑर्डर टाकतो, तेव्हा ती मागणी इंटरनेटवरून सर्व्हरकडे जाते. सर्व्हर त्या दुकानदाराचा दर आणि उधारीची मर्यादा तपासतो, डेटाबेसमधल्या, म्हणजे तिथल्या डिजिटल वहीतल्या, साठ्यातून सहा नग वजा करतो आणि ऑर्डर नोंदल्याचे उत्तर परत पाठवतो. त्याच क्षणी दुसऱ्या प्रतिनिधीने विट्यातून तेच शेवटचे सहा पंखे मागितले, तर डेटाबेस दोन्ही नोंदी एकामागोमाग घेतो आणि दुसऱ्याला ‘साठा शिल्लक नाही’ असे कळते. पूर्वी संध्याकाळी दोघांच्या चिठ्ठ्या समोरासमोर आल्यावर हा घोळ उघड व्हायचा आणि कोणातरी एका दुकानदाराचा शब्द मोडावा लागायचा. माझ्या मते वेब अ‍ॅप्लिकेशनचा सर्वांत मोठा फायदा हाच, की वही एकच असते आणि ती सर्वांसमोर एकाच वेळी उघडी असते.

दुसरा अनुभव जीएसटीचा. 22 सप्टेंबर 2025 रोजी, ऐन घटस्थापनेला, एसी आणि मोठ्या टीव्हींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या पद्धतीत तंत्रज्ञाला बोलावून दुकानातल्या आणि गोदामातल्या प्रत्येक संगणकावर स्वतंत्र बदल करून घ्यावा लागला असता. या वेळी तो सर्व्हरवर एकदाच झाला आणि सकाळचे पहिले बिल नव्या दराने निघाले. यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. आमच्या गोदामात अजून जुनाच संगणक आहे.

‘आम्हाला हे ऑनलाइन जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या व्यापारी मित्रांना मी एवढेच सांगतो, की आपण 2017पासून जीएसटीची विवरणपत्रे ज्या पोर्टलवर भरतो आणि कर्नाटकात 50 हजारांवरचा माल धाडताना ज्यावर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, काढतो, तीदेखील वेब अ‍ॅप्लिकेशनच आहेत. सवय झालेलीच आहे, ती फक्त सरकारी कामापुरती आहे.

पुरात वीज आणि नेट दोन्ही जातात, हा आक्षेप खरा आहे. पण जुलै 2021मध्ये सांगलीत पुन्हा महापूर आला, तेव्हा दुकान बंद असताना मी मिरजेत मेव्हण्यांच्या घरी बसून थकबाकीची पूर्ण यादी उघडली. 2019ची आठवण ताजी असल्याने तो क्षण मी विसरू शकत नाही.

मात्र या सेवा देणाऱ्यांकडून काही गोष्टी लेखी मिळाल्याच पाहिजेत. आपला डेटा हवा तेव्हा एक्सेलमध्ये उतरवून घेता येईल का, त्याच्या प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात का आणि सेवेचे भाडे थांबवल्यावर किती दिवसांत तो परत मिळेल, हे करारात स्पष्ट असावे. आमच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला सेवा बदलताना तीन वर्षांची खाती मिळवण्यासाठी महिनाभर खेटे घालावे लागले. प्रत्येक नोकराला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा, हे मालकाने स्वतःच पाहायचे आहे.

व्यापारी संघटनांनी या कराराचा एक मराठी नमुना तयार करून सभासदांना द्यावा, आणि गोदामात माल मोजणाऱ्या माणसाला वाचता येतील असे संगणकाचे मराठी पडदे (स्क्रीन) पुरवण्याचा आग्रह सेवा देणाऱ्यांकडे एकत्रितपणे धरावा, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. आमच्या गोदामातले काका इंग्रजी पडद्यावर अजूनही रंग पाहून बटण दाबतात.

आपला विश्वासू,
एक घाऊक व्यापारी, सांगली