इंजिन ६२ हजारांचं, बिल १ लाख ३२ हजारांचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात नवीन गाड्यांबद्दल भरपूर छापून येतं पण एकच गाडी पंधरा वर्षं वापरणाऱ्यांसाठी कोणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी २०११ ची डिझायर डिझेल. मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना साखरपा सोडल्यावर रेडिएटरचा होज फाटला, टेम्परेचर चढलेलं दिसत होतं पण रात्रीच्या वेळी आई आणि पोरांना घाटात कुठं उतरवायचं म्हणून आंबा गावापर्यंत तशीच रेटली आणि तिथं इंजिन जाम झालं. गॅरेजवाले म्हणाले, जुनं इंजिन ६० च्या आसपास मिळतं, सगळं धरून ८५ हजारात गाडी रस्त्यावर. फोनवरच हो म्हटलं, लिहून काहीच घेतलं नाही.

इंजिन मुंबईहून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलं, ६२ हजार आणि टेम्पोचे साडेतीन हजार. मग एकेक फोन सुरू झाले. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच सेट टाका, ९ हजार. माउंटिंग गेलेत, साडेपाच. टायमिंग चेन आत्ताच बदला, नंतर परत सगळं खोलावं लागेल, साडेआठ. रेडिएटर, वॉटर पंप, होज मिळून १०. ऑइल, फिल्टर, कूलंट ५. इंजेक्टर तपासले तर दोन खराब, १३ हजार. लेबर १६. यातलं एकही काम खोटं नव्हतं, माझी तक्रार ती नाहीच, पण ही सगळी कामं मिस्त्रीला पहिल्या दिवशी माहिती असतात, मग ती पहिल्या दिवशीच का सांगत नाहीत? १ लाख ३२ हजार ५०० हा आकडा आधी कळला असता तर मी कोल्हापूरच्याच उद्यमनगरात इंजिनचं फुल काम करून घेता येतं का ते तरी बघितलं असतं. ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा चांगला असेल तर बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग होतं आणि मुख्य म्हणजे ब्लॉक तोच राहिला की इंजिन नंबर पण तोच राहतो.

नंबरचं तर कोणी बोलतच नाही! इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्यासाठी इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल पाहिजे. माझ्या हातात आधी साधी चिठ्ठी दिलेली, पक्क्या बिलासाठी तीन आठवडे भांडलो. बिल नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे कशावरून? आणि उद्या अपघात झाला, आरसीवर एक नंबर आणि गाडीत दुसरा, तर विमा कंपनीला काय सांगणार.

अजून एक, डिझायरचं हे १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं, टाटाच्या व्हिस्टा, फियाटच्या पुंटोमध्ये पण तेच, त्यामुळे "कुठलंही बसतं" असं सांगणारे भेटतात. बाहेरून सारखं दिसतं पण काहींचा टर्बो वेगळा, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वेगळा, वायरिंग जुळवण्यात पैसे जातात ते वेगळेच आणि आरटीओत मेक (कंपनी) जुळत नाही. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्यात त्यामुळे जुन्या इंजिनांच्या मागे लोक लागणारच.

म्हणून गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, एस्टिमेट लिहून द्या, इंजिन म्हणजे नुसतं ब्लॉक-हेड की टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटरसकट ते त्यात लिहा. आणि गाडीवाल्यांनी आरसीची मुदत बघा. माझी २०२६ ला १५ वर्षांची होते, म्हणजे री-रजिस्ट्रेशनची फी ५ हजार आणि वर पर्यावरण कर, हा खर्च पण मी हिशोबात धरलाच नव्हता. आरटीओनं इंजिन बदलाची कागदपत्रं कुठली लागतात याचा मराठीत एक बोर्ड खिडकीजवळ लावला तरी लोकांचे हेलपाटे वाचतील, मला तीन मारावे लागले.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर