बाळ दूध घेत नाही म्हणजे पाळणाघरच वाईट असं नसतंय ओ

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रात एकानी लिहिलं होतं की आजकालच्या आया पगारासाठी अंगावरची बाळं पाळणाघरात टाकून जातात, आणि पाळणाघरवाल्या बायका ती रडू नयेत म्हणून सर्दीचं सिरप पाजून झोपवतात. मी बेळगावच्या वडगावात घरातच पाळणाघर चालवते, म्हणून लिहायला बसले. राग आला हे खरं, पण नुसतं रागानं लिहून काय उपयोग नाही.

सिरपचं आधी. असं कोण करतच नाही म्हणून मी शपथ घेणार नाही. गुंगी येणारं सर्दीचं औषध डॉक्टरनी सांगितल्याशिवाय तान्ह्या बाळाला द्यायचंच नसतं, आणि तुमचं बाळ संध्याकाळी घरी आल्यावर मलूल पडून राहत असेल, उठवलं तरी दूध ओढत नसेल तर त्याला घेऊन सरळ डॉक्टरकडं जा आणि मग येऊन आम्हाला जाब विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण दिवसभर नीट न झोपलेलं बाळ रिक्षात बसल्या बसल्या आईच्या खांद्यावर डोळे मिटलं म्हणून लगेच औषधाचा संशय घ्यायचा, हे काय बरोबर नाही.

आता खरी गोष्ट अशी आहे की आमच्याकडं बाळ येतंय तेच फार लहान. 2017 पासनं बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली म्हणतात, पण ती रजिस्टरवर नाव असणाऱ्यांना मिळते. खडेबाजारच्या छोट्या साडी दुकानात दोघी-तिघीच कामाला असतात त्यातली पोरगी, खासबागला कापड विणायच्या मागावर जाणारी, तिला कोण देणार 26 आठवडे? तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती दारात उभी असते. त्या बाळाला आजपर्यंत आईचा वास आणि आईचं अंग एवढंच माहीत आणि एकदम एक परकी बाई रबराचं बूच तोंडात कोंबायली, ते कसं घेईल सांगा की. तोंड फिरवतंय, पाठ ताणतंय, लालबुंद होऊन रडतंय, आणि आई दारातच थांबली तर अजून जास्त, कारण खरं दूध कुठं आहे ते त्याला कळत असतंय.

बाटलीच पाहिजे असं काय नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वाटीनं पाजा म्हणते आणि आपल्या आज्ज्यांकडं बोंडलं, म्हणजे चोचीची वाटी, होतंच की, आता ते शोकेसमध्ये जाऊन बसलंय. मी बोंडलं नाहीतर वाटी-चमचा उकळून घेते, बाळाला मांडीवर जरा उभं धरते, ओठाला टेकवते आणि ते स्वतः जिभेनं ओढेपर्यंत थांबते. ओतायचं नाही, ओतलं की ठसका लागतो. वेळ लागतो, हात भरून येतात, म्हणून तर एक वर्षाच्या आतली तीनपेक्षा जास्त बाळं मी घेत नाही, लोक कितीपण वशिला लावू देत. बाटली देणारे काहीजण बुचाचं भोक दाभणानं मोठं करून पाठवतात, पटपट पितंय म्हणून. असलं करू नका.

काढलेलं दूध घरात साधारण चार तास टिकतंय, पण एप्रिल-मे मध्ये तेवढी वाट बघू नये, फ्रीजमध्येच ठेवावं. आणि इथल्या वीज कंपनीची, हेस्कॉमची लाईट कधी जाईल ते कोण सांगणार, म्हणून मी आयांना बर्फाच्या डब्यात दुधाची डबी घालून द्यायला सांगते. ते गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात डबी धरायची. बाळाचं उष्टं राहिलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. पावडर असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापानंच, पातळ करून पुरवायची नाही, त्यानं पोट भरल्यासारखं दिसतंय पण वजन वाढत नाही. मध नको, गायीचं दूध वर्षाच्या आत मुख्य म्हणून नको, आणि सहा महिन्याच्या आत बाळगुटी पाठवली तर मी तशीच परत पाठवते, मग सासूबाई माझ्यावर रुसतात. दृष्ट काढा, मीठ-मोहरी ओवाळा, त्याला माझं काय म्हणणं नाही, फक्त ओव्याची धुरी माझ्याकडं करायला सांगू नका.

सगळ्यात जास्त भांडण कशावरनं होतंय सांगू? बाळ माझ्याकडं दिवसभर थोडंच पितंय आणि घरी गेल्यावर रात्रभर आईला सोडत नाही. आई सकाळी तारवटलेल्या डोळ्यानं येऊन म्हणते, मावशी तुम्ही उपाशी ठेवायलाय काय? तसं नसतंय. काही बाळं दिवसा जेमतेम पिऊन आईची वाट बघतात आणि रात्री वसूल करतात. चोवीस तासात सहाएक वेळा लंगोट चांगली ओली होत असेल, वजन वाढत असेल तर घाबरायचं काय कारण नाही. पण शू कमी झाली, तोंड कोरडं पडलं, टाळू खोल गेली, प्रत्येक दुधाला उलटी झाली, तोंडात आत पांढरे चट्टे आले, किंवा ओढायला लागल्या लागल्या दुखल्यासारखं रडलं, तर तिथं दवाखानाच पाहिजे, त्याला पाळणाघर बदलून काय होणार? एकमेकीला दोष देत चार दिवस घालवायचे आणि बाळ सुकवायचं, हे मी शेजारीपाजारी बघितलंय.

झोपेचं पण तसंच. घरी तुळईला साडीची झोळी बांधलेली असते, कोणतरी सारखं हलवत असतंय, आणि माझ्याकडं सपाट गादी. मी झोळी ठेवत नाही. लहान बाळाची हनुवटी छातीत रुतून श्वास अडकायची भीती असते आणि मी तीन बाळांत एकाच झोळीकडं बघत बसू शकत नाही. म्हणून पाठीवर, सपाट गादीवर, शेजारी उशी-दुपटं काही नाही. आयांना माझं एवढंच म्हणणं की पाळणाघर सुरू व्हायच्या आधीच घरी दुपारची एक झोप तरी सपाट जागेवर सवयीची करा. आईची वापरलेली ओढणी मी मागून घेते, पण ती बाळाजवळ ठेवत नाही, माझ्या खांद्यावर टाकते आणि त्याला घेऊन फिरते. त्याचा उपयोग होतोय, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना.

आणि “दुपारी झोपवू नका मावशी, म्हणजे रात्री झोपंल” हे कृपा करून सांगू नका. चार ते अकरा महिन्याच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. डोळे चोळायला लागलं, कान ओढायला लागलं की तेव्हाच निजवायचं, ती वेळ गेली की मग दमून दमून किंचाळतंय, दूध पण घेत नाही आणि झोपत पण नाही.

आठव्या महिन्याच्या आसपास अजून एक होतंय. इतके दिवस हसत येणारं बाळ एकदम दारातच गळ्याला मिठी मारून ओरडायला लागतंय आणि गल्लीत चर्चा सुरू, मारतात वाटतं. परकं कोण, आपलं कोण हे त्या वयात कळायला लागलेलं असतंय. मागच्या दारानं चुकवून पळू नका, “येते” म्हणून सांगा आणि जा.

आता बाळ टाकून जातात म्हणणाऱ्यांना विचारते, ठेवायचं कुठं? गावाकडं रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी कर्नाटक सरकारनं पंचायतीत कूसिन मने, म्हणजे पाळणाघरं काढली, चांगलं केलं. शहरात मागावरच्या आणि दुकानातल्या बायकांना काय? जून 2023 पासनं सरकारच्या शक्ती योजनेनं बायकांना बस फुकट झाल्यावर कंग्राळीकडनं, खानापूरकडनं कामाला येणाऱ्या बायका वाढलेल्या मी बघायलेय. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 50 माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर पाहिजे असं आहे, उद्यमबागेतल्या किती कारखान्यांच्या मालकांनी ते केलंय ते त्यांनी स्वतःच आपल्या पेपरात लिहावं.

तेवढं मोठं नाही जमलं तर रजेवरनं आल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन वेळा सुट्टी द्यायची असं पण त्याच कायद्यात आहे. बऱ्याच आयांना हे माहीतच नाही आणि माहीत असलं तरी तोंड उघडायची भीती. खडेबाजारातनं वडगावला स्कूटीवरनं यायला किती वेळ लागतो? पहिले पंधरा दिवस अर्धा दिवस काम आणि नंतर दुपारी एकदा पाजून जायला अर्धा-पाऊण तास एवढं मालकांनी दिलं तर बाटली, बोंडलं, बर्फाचा डबा यातलं निम्मं काय लागणारच नाही.

आपली,
पाळणाघर चालवणारी एक मावशी
वडगाव, बेळगाव