दिवाळी अंक पोस्टाच्या कोणत्या दरात बसतो?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातून निघणाऱ्या लहान दिवाळी अंकांची छपाई उरकत आली की प्रकाशकांपुढे आणि गावोगावच्या वाचनालयांपुढे पोस्टखर्चाचा प्रश्न उभा राहतो. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांची जुनी सवलत अचानक बंद झाली, तेव्हा ३२ रुपयांत रजिस्टर होऊन जाणाऱ्या एक किलोच्या पुडक्याला पार्सलच्या दराने दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागू लागले होते. त्यामुळे या नव्या सेवेचे स्वागत करायलाच हवे. अडचण एवढीच आहे, की मराठी माणूस ज्या छापील वस्तूची वर्षभर वाट पाहतो ती या सेवेत बसत नाही.

आमच्या वाचनालयाचे बरेचसे सभासद नोकरीनिमित्त मुंबईत आहेत आणि त्यांना दिवाळी अंक पोस्टाने पाठवण्याची आमची पद्धत जुनी आहे. या वेळी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अंक हातात घेऊन मागून चाळला, पतसंस्थेच्या पानभर शुभेच्छा, काजू कारखान्याची अर्ध्या पानाची आणि हापूसच्या कलमांच्या रोपवाटिकेची पाव पानाची जाहिरात पाहिली आणि हा अंक ज्ञान पोस्टाने जाणार नाही असे सांगितले. त्याचे काहीही चुकले नाही. किरकोळ निवेदने किंवा पुस्तकांची यादी सोडून अन्य जाहिराती असलेले प्रकाशन स्वीकारू नये असे नियमच सांगतो. पण त्या शुभेच्छांच्या पैशांवरच अंकाचा कागद येतो, हे कोकणात अंक काढणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

छापील मजकुराला स्वस्त दर का असावा आणि तो कशाच्या आधारे द्यावा, याचा विचार आपल्या टपालाने फार पूर्वीपासून केलेला आहे. १८३७ च्या कायद्यानंतर पत्राचे शुल्क वजन आणि अंतर या दोन्हींवर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडत असे. त्याच काळात वर्तमानपत्रे, चोपड्या आणि इतर छापील कागद दोन्ही टोकांना उघड्या, आखूड वेष्टनात घातले तर त्यांना वेगळा, कमी दर लागे. मात्र विलायतेहून आलेल्या छापील मजकुराला येथे छापलेल्या मजकुरापेक्षाही स्वस्त दर होता. राज्य कोणाचे होते हे त्यातून समजते, अधिक काही लिहायला नको. १८५४ मध्ये अंतराचा हिशेब गेला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. घाट उतरून किंवा बंदरात लागणाऱ्या बोटीतून टपाल येणाऱ्या आमच्यासारख्या मुलखाला या बदलाचा लाभ किती झाला असेल, याची कल्पना सहज करता येते.

वेष्टनाची टोके उघडी ठेवण्याची ती अट बुकपोस्टाच्या रूपाने थेट आपल्या पिढीपर्यंत आली. खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेले, कोपऱ्यात 'बुकपोस्ट' असे लिहिलेले पुडके अनेकांना आठवत असेल. पुडके उघडे ठेवायचे ते पोस्टमास्तरांना आत डोकावून कोणी चिठ्ठी तर घातलेली नाही ना, एवढे पाहता यावे म्हणून. म्हणजे खात्याला रोखायचे होते ते खासगी पत्राला, कारण पत्राचा दर निराळा होता. छापील पानावर कथा आहे की साबणाची जाहिरात, याच्याशी त्या अटीला कर्तव्य नव्हते.

१८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने तर याबाबत संदिग्धताच ठेवली नव्हती. सवलतीच्या दरासाठी नोंदल्या जाणाऱ्या वर्तमानपत्राच्या त्यातील व्याख्येत बातम्या आणि चालू विषयांवरील लेख हवेत असे सांगून, 'जाहिरातींसह किंवा जाहिरातींविना' असे स्पष्ट म्हटले होते. अटी होत्या त्या वेगळ्याच: दोन अंकांत ३१ दिवसांहून अधिक अंतर नसावे, खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असावी, आणि पुरवणी असल्यास तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पत्राचे नाव आणि तारीख छापलेली असावी. (जुन्या पुरवण्यांवर हा मथळा पानोपानी का दिसतो, त्याचे कारण हे आहे.) मासिके ३१ दिवसांच्या अटीत नेमकी बसत, त्रैमासिके बाहेर राहत. १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढणारे 'मनोरंजन' हे मासिकच होते. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर, तेव्हा त्यांच्या घराण्याचा गाव कोणता हे कोकणी वाचकाला सांगायला नको. आज मात्र बहुतेक लहान दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतात, त्यामुळे वर्तमानपत्राच्या त्या व्याख्येत त्यांना कधीच जागा नव्हती.

त्यांना आधार होता तो नियतकालिकांच्या बुकपोस्टाचा. पहिल्या १०० ग्रॅमला २ रुपये आणि पुढच्या प्रत्येक १०० ग्रॅमला ३ रुपये असा तो दर असल्याने अर्ध्या किलोचा जाडजूड अंक १४ रुपयांत जात असे. आता ज्ञान पोस्टाने नाही, तर पार्सल किंवा स्पीड पोस्ट असे आम्हाला सांगण्यात आले. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे, आणि स्पीड पोस्टाचा दर वजनाबरोबर अंतरावरही ठरतो. अंतरावरून टपालाचे पैसे घेणे १८५४ मध्ये बंद झाले होते. सावंतवाडीहून मुंबईला अंक पाठवणाऱ्याला ते पुन्हा का भोगावे लागावे?

जाहिरातींवरील अटीमागचा हेतू मला समजतो. व्यापारी पत्रके आणि मालाच्या किमतींच्या याद्या ज्ञानाच्या नावाखाली स्वस्तात जाऊ नयेत, हे योग्यच आहे. पण त्यासाठी सरसकट बंदीची गरज नाही. अंकातील जाहिरातींची पाने एकूण पानांच्या एक तृतीयांशाहून अधिक नसतील, अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे असतील आणि हे प्रमाण प्रकाशकाने अनुक्रमणिकेच्या पानावर छापून दिले असेल, तर असा वार्षिक अंक ज्ञान पोस्टात घ्यावा, अशी दुरुस्ती टपाल खात्याने करावी. नियमात वर्षभरासाठी बदल करणे जड वाटत असेल, तर निदान ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांपुरती ही मुभा द्यावी आणि तसे लेखी परिपत्रक तालुक्याच्या पोस्टांपर्यंत दिवाळीच्या महिनाभर आधी पोहोचवावे; तोंडी सूचनेवर खिडकीवरचा कर्मचारी जबाबदारी घेत नाही आणि त्याने ती घ्यावी अशी अपेक्षाही नाही. राज्यातील ग्रंथालय संघटनांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी ही मागणी एकत्रितपणे खात्याकडे पाठवावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह,
जि. सिंधुदुर्ग