शब्द एक, अर्थ अनेक

दादर, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

गणपतीला जेवताना काकांनी तुला ‘लिबरल’ म्हटले आणि तू पानातला मोदक अर्धा टाकून उठलीस, हे अजून माझ्या मनात सलते आहे. त्यांना त्या शब्दातून नेमके काय म्हणायचे होते, हे तूही विचारले नाहीस आणि मीही नाही.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा ‘पेपर जरा लिबरल तपासा’ असे आम्हाला सांगत. त्याचा अर्थ हात सैल सोडून गुण द्या, एवढाच होता. आपल्या ‘उदार’ शब्दात दातृत्व आहे आणि मनाचा मोठेपणाही. शिवाय ‘जिवावर उदार होणे’ यात प्राणांचीही पर्वा न करण्याची तयारी आहे. राजकारणातल्या ‘लिबरल’साठी ‘उदारमतवादी’ हा शब्द रुळला खरा, पण त्यामागचा इतिहास तुझ्या पिढीपर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

१९०७ साली सुरतेस काँग्रेस फुटली, तेव्हा टिळकांच्या बाजूचे जहाल ठरले आणि गोखले, फिरोजशहा मेहता यांच्या बाजूचे मवाळ किंवा नेमस्त. पुढे १९१८ साली याच परंपरेतील मंडळींनी काँग्रेसपासून वेगळे होऊन आपल्या मुंबईतच सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवली आणि लिबरल हे नाव स्वतःहून धारण केले. ‘मवाळ’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्या गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते फेटाळले जाईपर्यंत नेटाने लढवले. यात मला तरी कोठे मवाळपणा दिसत नाही.

गोखल्यांना मुलांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलायला हवा होता. युरोपात मात्र लिबरल म्हटले की बहुधा व्यापारात सरकारने कमीत कमी लक्ष घालावे असे मानणारा माणूस समजला जातो, तर अमेरिकेत १९३० च्या दशकात रूझवेल्ट यांच्यापासून दुबळ्यांसाठी सरकारने खर्च करावा असे म्हणणाऱ्याला तो शब्द चिकटला. तू मेलबर्नला राहतेस, तेव्हा तिथला लिबरल पक्ष उजवीकडचा आहे, हे तुला मी सांगायला नकोच. आपल्याकडे १९९१ नंतर जे ‘उदारीकरण’ आले, ते युरोपातल्या अर्थाशी जवळचे आहे. आणि मला चांगले आठवते, परवान्यांचा जाच कमी झाला म्हणून तेव्हा काका आपल्या कारखान्यातून पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले होते.

म्हणजे एका अर्थाने तेही लिबरलच आहेत. तुला मात्र त्यांनी ते म्हटले, ते बहुधा तू जातीबाहेर लग्न करण्याविषयी बोललीस म्हणून. त्यांचे मत मला मान्य नाही आणि मी ते त्यांना सांगेनही. पण तू गप्प राहू नयेस, असे मला मनापासून वाटते. रविवारी दुपारी ते घरीच असतात. त्यांना फोन कर आणि त्यांच्या मनात कोणता अर्थ होता, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

तुझी
आई