परिचारिकांना स्वतंत्र उपचाराचा अधिकार हवा

महोदय,

पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की एटापल्ली-भामरागड भागातील कित्येक गावांचा संपर्क तुटतो आणि रुग्णाजवळ उपकेंद्रातील सिस्टर तेवढ्या उरतात. गेल्या श्रावणात माझ्या वहिनींचा रक्तदाब आठव्या महिन्यात एकाएकी वाढला, तेव्हा सिस्टरांनी दंडाला पट्टा दोनदा बांधून खात्री करून घेतली, गोळीही कपाटात होती. परंतु डॉक्टरांचा होकार मिळावा म्हणून त्या मोबाइल उंच धरून रेंजसाठी अंगणभर फिरत होत्या. ती वीस मिनिटे आम्ही विसरलेलो नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये प्राथमिक व प्रतिबंधात्मक उपचारांपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे देण्याच्या मर्यादित परवान्याची तरतूद आहे. सरसकट सवलत कोणीच मागत नाही, आणि उपकेंद्रांत नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण यासाठी माझ्या मते अपुरेच आहे. प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरसाठी, म्हणजे बाळंतपणाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या परिचारिकेसाठी, १८ महिन्यांचे प्रशिक्षण आखलेले आहे. त्याच धर्तीवर अनुभवाची अट, डॉक्टरांच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष काम, परीक्षा आणि औषधांची लेखी यादी ठरवून राज्य शासनाने दुर्गम तालुक्यांतील पात्र परिचारिकांना हा अधिकार पुढील पावसाळ्यापूर्वी द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली